जुन्या रिव्हॉल्व्हरचा संग्रह करायचाय, पण सूत्र कोणतं धरू?

माळवद
नमस्कार मंडळी. मी उदगीर तालुक्यातला. बरेच दिवस मनात घोळणारा विषय आज मांडतो.

आमच्या घरात एक वेब्ली रिव्हॉल्व्हर आहे. .३२ बोअर (नळीचं माप), सहा गोळ्यांची. आधी आजोबांच्या नावावर होती, मग वडिलांच्या. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर पंधरा दिवसांत ती ठाण्यात जमा केली, वारस म्हणून अर्ज दिला, चकरा मारल्या, आणि या फेब्रुवारीत परवाना माझ्या नावावर होऊन ती घरी परत आली. त्या रात्री मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. मुठीवरची चौकड्यांची नक्षी एका बाजूने आजोबांच्या तळहाताने पार गुळगुळीत झालीय. नळी खाली वाकवली की चक्राच्या मधली चांदणी वर उठते आणि सहाही काडतुसं एकदम बाहेर ढकलते. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी हे इतकं नेमकं कसं बसवलं असेल, याचाच विचार करत दोन तास बसलो होतो.

तेव्हापासून वाटतं की या विषयात शिस्तीने काहीतरी जमवावं. दिसेल ते उचलायचं नाही, एक सूत्र धरून संग्रह करायचा. नाणी जमवणारे एखादं घराणं धरतात, तिकिटं जमवणारे एखादा देश धरतात. रिव्हॉल्व्हरमध्ये काय धरावं? एकच कंपनी? एकच काळ? की यंत्ररचना कशी बदलत गेली ते?

आणखी एक. गावातल्या जुन्या घराचं माळवद गळायला लागलं म्हणून यंदा उतरवलं. मधल्या खणातल्या बळदाच्या (घरातल्या धान्याच्या कोठाराच्या) तळाशी गोणपाटात गुंडाळलेली एक छोटी रिव्हॉल्व्हर निघाली. गंजून नुसता गोळा झालाय. कोणाची, कधीची, घरात कोणालाच ठाऊक नाही. संग्रहाची सुरुवात तिच्यापासून करावी असं वाटतंय.

बालाघाटचा पोऱ्या
दादा, लै भारी विषय काढलाव. मी बसलोय वाचायला. बळदातल्या रिव्हॉल्व्हरचा फोटो टाका की.

तालुका कोर्ट
फोटो नंतर. माळवद साहेब, आधी मी सांगतो ते करा. बळदात सापडलेली वस्तू घरात ठेवू नका, कपाटात नाही आणि देवघरात तर नाहीच. उद्या सकाळी ठाण्यात लेखी कळवा, पंचनामा करून घ्या आणि पोच घ्या.

तुमच्या डोक्यात बहुतेक शस्त्र कायदा १९५९ चं कलम ४५ असेल. जुनाट घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून वापरता येणारच नसेल, तर त्याला हा कायदा लागू होत नाही, असं त्यात आहे. पण "वापरता येणारच नाही" हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नसतं. गंजलेली दिसते एवढं कोणी ऐकून घेत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. आधी तीन होत्या. वारशाने आलेली असली तरी मर्यादा दोनचीच. तिसरी ज्यांच्याकडे होती, त्यांना ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागली. शिवाय .३८० आणि नऊ एमएम हे लष्करी बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. म्हणजे परदेशी लोक भिंतभर वेब्ली लावतात, तसा संग्रह इथे होणार नाही. एक तुमच्याकडे आहे. उरली एक.

फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. क्युरिओ (जुन्या, दुर्मिळ वस्तू) गटात मोडणारी छोटी शस्त्रं जवळ ठेवायला परवान्याची अट त्यात काढली आहे. मात्र वापरायला, घेऊन फिरायला, एका जागेवरून दुसरीकडे न्यायला परवाना लागतोच. तुमची वस्तू त्या गटात बसते का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी "चालतंय की" यावर विसंबून राहू नका.

जुना आर्मोरर
वकील साहेबांनी कायद्याचं सांगितलं, मी जिवाचं सांगतो. तिला हात लावू नका. घोडा मागे ओढून बघू नका, चक्र फिरवून बघू नका, रॉकेलमध्ये बुडवू नका. मी सैन्यात बावीस वर्षं हत्यारांच्या दुरुस्तीत काढली. "रिकामीच आहे हो" म्हणत लोकांनी आणलेल्या जुन्या हत्यारांत भरलेली काडतुसं मी स्वतः पाहिली आहेत. काडतूस कोरडं राहिलं तर सत्तर-ऐंशी वर्षांनीही उडू शकतं, आणि बळदाइतकी कोरडी जागा दुसरी नाही. ज्वारी टिकावी म्हणूनच बांधलेली ना ती.

ठाण्यातल्या माणसालाही सांगा की भरलेली असू शकते.

तोवर लांबूनच पाहून दोन गोष्टी कळवा. चक्राला भोकं किती? आणि चाप कसा आहे, त्याच्याभोवती कडं आहे का?

माळवद
आर्मोरर काका, वकील साहेब, मनापासून आभार. खरं सांगतो, परवा मी ती दिवाणावर ठेवून चहा पीत बघत होतो आणि धाकटी पोरगी शेजारी बसली होती. तुमचं वाचल्यावर अंगावर काटा आला. आत्ता खोलीला कुलूप लावलंय. उद्या ठाण्यात जातो.

भोकं पाच. चाप दिसतच नव्हता, तुटला असेल असं वाटलं होतं. आता खिडकीतून बॅटरी मारून पाहिलं. तो पुढे मुडपून नळीखाली चिकटलाय. कडं नाही. घोडाही वर दिसत नाही, मागचा भाग नुसता गोल आहे.

जुना आर्मोरर
मुडपता चाप, लपलेला घोडा, पाच गोळ्या. मला एक अंदाज आलाय, पण छाप वाचल्याशिवाय बोलणार नाही.

गोदातीर
धागा वाचला. मला वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

शस्त्राचा छंद ही कल्पनाच मला पटत नाही. आमच्या गावात बंदूक गढीवर असायची, आणि गढीवरून कोणी खाली उतरला की बायका दारं लावून घ्यायच्या. माझी आजी १९४८ साली नऊ वर्षांची होती. निजामाच्या संस्थानावर पोलीस कारवाई झाली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तिला आणि तिच्या बहिणींना रातोरात संस्थानाच्या हद्दीपलीकडे बार्शीच्या बाजूला नेलं. तिला वाट आठवत नव्हती, गाडीच्या चाकाला चिंध्या बांधल्या होत्या तेवढं आठवत होतं. आवाज होऊ नये म्हणून. तुम्ही चांदणी, नक्षी, यंत्ररचना म्हणताय. मला ती वस्तू दिसली की आजीच दिसते.

बालाघाटचा पोऱ्या
ताई, चिंध्या बांधलेलं चाक वाचून गप्पच झालो.

छावणी बाजार
गोदातीर ताई, तुमचं म्हणणं बाजूला सारण्यासारखं नाही. मला तर वाटतं, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तोच आहे. त्यावर नंतर येतो.

आधी माळवद यांचा प्रश्न. रिव्हॉल्व्हरचे संग्राहक साधारण तीन वाटांनी जातात. पहिली यंत्ररचनेची, आणि ती फार रसाळ आहे. १८१८ च्या सुमाराला एलिशा कॉलियरची, चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने उडणारी रिव्हॉल्व्हर आली, तिचं चक्र हाताने फिरवावं लागे. मग सॅम्युएल कोल्ट. हा पोरगा १८३० मध्ये कोर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याला निघाला. सुकाणूचं चाक फिरून नेमक्या जागी अडकतं ते पाहून त्याने प्रवासातच लाकडाचा नमुना कोरला, असं सांगतात. १८३६ ला अमेरिकेत पेटंट घेतलं. रिव्हॉल्व्हरच्या जन्मकथेत कलकत्त्याची वारी आहे, हे मला फार आवडतं.

कोल्टमध्ये दर बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे. लंडनच्या १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात कोल्टसमोर रॉबर्ट ॲडम्सची पाचबारी होती. तिचा चाप ओढला की घोडा आपोआप उठून पडायचा. नेम जरा हलायचा, पण अंगावर धावून आलेल्या माणसासमोर वेग मोठा. १८५६ मध्ये ब्यूमाँट नावाच्या लेफ्टनंटने दोन्ही सोयी एकत्र केल्या. इथवर सगळं ठासणीचंच, म्हणजे चक्राच्या प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची. आरपार भोकाच्या चक्राचं पेटंट रॉलिन व्हाइटचं, आणि ते वापरायचा हक्क स्मिथ अँड वेसनकडे. ते १८६९ ला संपलं आणि सगळ्यांना काडतुसाची वाट मोकळी झाली. कोल्टची प्रसिद्ध काडतुसाची रिव्हॉल्व्हर १८७३ ला आली ती त्यामुळेच.

दुसरी वाट एका घराण्याची. वेब्लीच घ्या. बर्मिंगहॅमची कंपनी, १८८७ ला ब्रिटिश लष्कराने त्यांची .४५५ ची मार्क एक स्वीकारली. १९१५ ला मार्क सहा. कानपूरच्या कारखान्यात होते ती .३२ ची रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच घडणीवर बेतलेली. २०१४ ला आलेली 'निर्भीक' नावाची हलकी रिव्हॉल्व्हरही कानपूरचीच. म्हणजे माळवद, तुमच्या आजोबांच्या वेब्लीची भावंडं अजून जन्माला येतायत.

तिसरी वाट प्रदेशाची. माझं मत तिसरीला.

तेरणाकाठ
वरचा प्रतिसाद वाचून जेवण थंड झालं. छावणी बाजार, या विषयावर लेखच लिहा.

कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' नावाच्या रिव्हॉल्व्हरबद्दल थोडी भर. तिच्या चक्रावर बारीक कोरीव चित्र असतं, जहाजांच्या लढाईचं. १६ मे १८४३ ला टेक्ससच्या आरमाराची कँपेचेजवळ लढाई झाली, ती. वापरात हे चित्र आधी पुसट होतं. म्हणून जाणकार नळी बघायच्या आधी चक्र उन्हात तिरकं धरून जहाजं मोजतात.

खंडेनवमी
मी संग्राहक नाही. पण आमच्याकडे दरवर्षी खंडेनवमीला तलवार, दोन कट्यारी आणि वडिलांची बाराबोअर पुजली जाते, त्यातला अनुभव सांगतो.

हळद-कुंकू थेट लोखंडावर लावू नका. आमच्या बाराबोअरच्या नळीवर बोटाएवढे पाच खड्डे आहेत, ओळीत. आजीची पाच बोटं. ओलं कुंकू लावलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं, संध्याकाळी पेटीत ठेवलं, पुढच्या दसऱ्याला उघडलं. असं तीस वर्षं. आता आम्ही ताटात कोरं कापड घालतो, शस्त्र त्यावर ठेवतो आणि कुंकू कापडाला वाहतो. गुरुजींनी हरकत घेतली नाही.

आणि खोबरेल तेल अजिबात नको. थंडीत थिजतं, सांध्यात चिकटून बसतं, धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल, तेही एक थेंब, आणि मऊ कापडाने पुसून काढायचं.

जुना आर्मोरर
सोळा आणे खरं. त्यात भर, चामड्याच्या म्यानात कधीही ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल त्यात राहतात, चामडं ओल धरतं आणि हत्याराला आतून खातं. म्यान वेगळं, हत्यार वेगळं. उघड्या हाताने धरलं तर घामाचा ठसा पुसून मगच ठेवा.

आणि कोणी म्हणालं की "नवं निळं पॉलिश मारून देतो", तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मूळ निळाई अर्धी उडालेली असली तरी तीच खरी. एकदा घासली की छाप जातात, आणि त्या वस्तूचं सगळं बोलणं छापांतच असतं.

बालाघाटचा पोऱ्या
काका, आमच्याकडं वरातीत हवेत बार काढणारे हाईत, त्यांला पण चहा पाजावा का?

तालुका कोर्ट
त्यांना कायदा पाजा. २०१९ च्या दुरुस्तीत आनंदाच्या भरात केलेला गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा केलाय. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच. अशा एका लग्नातल्या पोराची केस मी लढलोय. तेव्हापासून वरातीत मी उभा राहत नाही.

छावणी बाजार
प्रदेशाच्या सूत्राकडे येतो. मी अंबाजोगाईचा. आमचं गाव निजामाच्या काळात मोमिनाबाद होतं आणि इथे हैदराबाद काँटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. तशीच हिंगोलीला, तशीच औरंगाबादला. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतल्या पहिल्या घोडदळात उठाव झाला. पुढे १९०३ ला हे काँटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झालं.

छावणी म्हणजे गोरे अधिकारी, आणि त्यांना कमरेचं हत्यार स्वतःच्या पैशाने घ्यावं लागे. म्हणून एकाच छावणीत एकाकडे ॲडम्स, दुसऱ्याकडे ट्रँटर, तिसऱ्याकडे वेब्ली. काहींच्या नळीवर 'आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.' असं कोरलेलं सापडतं. ती अधिकाऱ्यांच्या सहकारी दुकानाची खूण. साहेबाची बदली झाली की सामानाचा लिलाव, आणि सामान सावकार, देशमुख, वकील यांच्या घरात. म्हैस जशी बाजारातून बाजारात जाते, तशी ही हत्यारं मराठवाड्यात फिरली.

पण ती वस्तू दोनपेक्षा जास्त जमवता येत नाही हे वकील साहेबांनी सांगितलंच. मग संग्रह कशाचा? माझ्या मते कागदाचा आणि चामड्याचा. जुने परवाने, म्यानं, पट्टे, विक्रेत्यांच्या पावत्या, किंमतपत्रकं, रिव्हॉल्व्हर लावून काढलेले घराण्याचे फोटो, रिकामे लाकडी खोके. हे घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. भंगारवाला यातलं बहुतेक चुलीत घालतो.

आणि गोदातीर ताई, तुमच्या आजीची आठवणही त्यात असली पाहिजे. हद्दीपलीकडे गेलेल्यांनी काय नेलं, काय पुरलं, काय विहिरीत टाकलं हे लिहून ठेवलेलं मला तरी कुठे सापडलं नाही. नळीच्या मागे उभा असलेला माणूस फोटोत येतो, समोरचा येत नाही.

गोदातीर
छावणी बाजार, असं असेल तर मी विरोध मागे घेते. पण एक अट. आजीचं सांगणं शेवटच्या पानावर 'इतर' म्हणून नको. ज्या कपाटात वेब्लीचा फोटो, त्याच कपाटात, त्याच उंचीवर.

माळवद
ताई, मान्य. शब्द देतो. आजी आहेत का अजून?

गोदातीर
नाही. पण तिची धाकटी बहीण आहे, परभणीला. सगळं आठवतं तिला. या तुम्ही, मी घेऊन जाते.

माळवद
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. बरंच घडलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात अर्ज दिला. साहेब आधी जरा चमकले, पण "स्वतःहून आलात ते बरं केलंत" म्हणाले. घरी येऊन पंचनामा झाला, शेजारचे दोघे पंच. जिल्ह्याहून शस्त्रांच्या कामातला माणूस आला. त्याने आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि एकटा आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन रुमालावर दोन काडतुसं दाखवली. पाचातल्या दोन घरांत बसलेली होती. पितळ हिरवं पडलेलं, पण गोळ्या जागेवर. बायकोने पोरीला जवळ ओढलं. आर्मोरर काका, तुमचे पाय धरावेसे वाटले.

वस्तू तपासणीला गेली आहे, माझ्याकडे पोच आहे. त्या माणसाला विनंती केली तेव्हा त्याने छापाचा फोटो काढू दिला. इथे वर्णन करतो. चक्रावर उभट लंबगोल, त्यात वर ई, खाली एल आणि जी, त्याखाली चांदणी. लंबगोलावर छोटा मुकुट.

जुना आर्मोरर
देव पावला, छाप वाचला! हा बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीगृहाचा शिक्का. तिथे तयार झालेलं हत्यार जास्त दारू घालून उडवून बघायचे, टिकलं तर हा शिक्का. वरचा मुकुट १८९३ पासून आला. म्हणजे तुमची वस्तू त्यानंतरची.

आणि आता माझा अंदाज सांगतो. मुडपता चाप, झाकलेला घोडा, खिशात अडकू नये अशी गोल पाठ. याला व्हेलो-डॉग म्हणतात. व्हेलो म्हणजे सायकल. फ्रान्समध्ये गालाँ नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला काढली, ती सायकलस्वारांसाठी. तेव्हा सायकल नवी होती, रस्त्यावरची कुत्री पायाला धरायची, म्हणून खिशात ठेवायची बारीक रिव्हॉल्व्हर. लिएजवाल्यांनी ती ढिगाने बनवली आणि स्वस्तात जगभर पाठवली.

बालाघाटचा पोऱ्या
म्हंजे कुत्र्यासाठीची रिव्हॉल्व्हर उदगीरच्या बळदात? आमच्या वस्तीवरली कुत्री बघितली असती तर त्या फ्रेंच माणसानं तोफच काढली असती!

तेरणाकाठ
हसून पुरेवाट. पण माळवद, लक्षात घ्या, ही साहेबाची वस्तू नाही. स्वस्त, बाजारातली, साध्या माणसाला परवडणारी. छावणीच्या लिलावाची गोष्ट तुमच्या घरापुरती तरी लागू होत नाही.

छावणी बाजार
मान्य. माझा अंदाज इथे चुकला, आणि चुकला ते बरं झालं. मग प्रश्न असा की ती कोणी घेतली आणि लपवली का?

माळवद
त्याचसाठी परत आलोय. वडिलांच्या लोखंडी पेटीत तळाला एक घडी घातलेला कागद मिळाला. जाड, पिवळा, वर संस्थानाचा शिक्का, सगळं उर्दूत. आम्ही आजवर तो वेब्लीचाच जुना परवाना समजत होतो, म्हणून कोणी वाचून घेतला नाही. एका ओळखीच्याने तारखेपुरतं वाचलं, 'अमरदाद १३४७ फसली'. फसली म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल, त्यात ५९० मिळवायचे ना? म्हणजे १९३७? फोटो टाकलाय. कोणाला उर्दू येत असेल तर कृपया वाचा.

मुदर्रिसाचा मुलगा
माळवद, माझे वडील निजामाच्या काळात मुदर्रिस, म्हणजे शिक्षक होते. मला घरातच उर्दू शिकवली. सत्तरी ओलांडली, पण चष्मा लावून बसलो आणि वाचलं.

आधी साल. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात आज़ुर महिन्याने सुरू व्हायचं. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून ५९१. अमरदाद जूनमध्ये येतो. तेव्हा तुमचा कागद १९३८ च्या जूनचा, १९३७ चा नाही. घरातले जुने कागद वाचताना ही चूक फार जणांची होते, जमिनीच्या दाव्यांतसुद्धा.

आता मजकूर. हा परवानाच आहे. मालकाचं नाव, गाव, वडिलांचं नाव, पेशा 'ज़राअत', म्हणजे शेती. हत्याराच्या रकान्यात 'तमंचा, विलायती, छोटा' आणि पुढे 'पंज फ़ैर'.

पंज फ़ैर म्हणजे पाच बार. तुमची वेब्ली तर सहाची ना?

जुना आर्मोरर
सहाची. सहाचीच असते ती.

तालुका कोर्ट
माळवद साहेब, हा कागद बळदातल्या वस्तूचा आहे. मूळ प्रत घराबाहेर काढू नका. नक्कल, त्याचं अधिकृत भाषांतर आणि एक अर्ज, असं तपासणीच्या कागदपत्रांना जोडा. ती वस्तू एके काळी परवान्यावर होती हे लिखित आहे, हे तुमच्या फार कामाचं आहे. परत मिळेलच असं मी म्हणत नाही. क्युरिओ ठरवून निकामी अवस्थेत संग्रहालयाला द्यावी, असाही पर्याय अर्जात लिहा. घरात ठेवण्याचा हट्ट नको.

माळवद
हट्ट नाही वकील साहेब. काडतुसं पाहिल्यापासून ती घरात यावी असं मला वाटतच नाही. छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तु संग्रहालय आहे, तिथे जुनी शस्त्रं ठेवलीत. त्यांना विचारणार आहे. माझ्याकडे कागद, फोटो आणि गोणपाट राहू दे.

सूत्रही ठरलं. संस्थानी मराठवाड्यातल्या साध्या घरांतली शस्त्रं आणि त्यांचे परवाने. पहिलं पान या पंज फ़ैरचं. समोरच्या पानावर गोदातीर ताईंच्या आजीचं चाक. परभणीला पुढच्या रविवारी येतो, ताई.

गोदातीर
या. मावशीआजीला सांगितलंय. ती म्हणाली, येताना त्या माणसाला भूक ठेवून यायला सांग.

एक विचारू? परवान्यावर नाव कोणाचं आहे? आजोबांचं?

माळवद
नाही. मुदर्रिस काकांनी वाचून दाखवलं तेव्हा मी आईला फोन लावला. नाव आजोबांच्या धाकट्या भावाचं आहे. आईने ते लग्न होऊन आल्यावर एकदाच ऐकलं होतं, सासूच्या तोंडून. ते १९४८ च्या पावसाळ्यात घरातून गेले आणि परत आले नाहीत. घरात त्यांचा फोटो नाही, श्राद्धाला नाव घेत नाहीत. बळद त्यांच्याच खणातलं होतं.

उद्या नक्कल घेऊन ठाण्यात जातोय. तिथून गावी जाऊन आत्याबाईंना विचारतो. त्या आता एकट्याच उरल्यात ज्यांनी त्यांना पाहिलंय.